दोन ओळींची जागा

दादा,

गेल्या आठवड्यात देवासला जाऊन आले. आत्याच्या नातवाचं लग्न होतं, आणि तिकडून बोलावणं आलं की नाही म्हणवत नाही, म्हणून धारहून मोटारीत बसले. कंबर पार मोडली. उतरल्यावर आत्याच्या घराकडे निघाले आणि आपल्या रस्त्यावर, बरोब्बर मधोमध, पाय थांबले. बरोबर आत्याची पणती होती. ती म्हणाली, "आजी, सडकेवर काय ढूंढतेस?" काय सांगणार तिला? या पोरींना खरं वाटत नाही की या रस्त्याच्या अलीकडे एक राज्य होतं आणि पलीकडे दुसरं. अलीकडे धाकटी पाती, पलीकडे थोरली. दोन राजे, दोन कचेऱ्या, आणि एकच गाव. आता दोन्ही पात्या गेल्या, राजे गेले, आणि रस्त्यात एक गाय निवांत बसली होती. ती कुणाच्या हद्दीत बसली आहे हे विचारणारं कुणी उरलं नाही.

आबा असते तर त्यांनी विचारलं असतं. धाकट्या पातीच्या पागेत त्यांची हयात गेली. घोड्यांचे खूर आणि मालकाचं मीठ, या दोन गोष्टींपलीकडे त्यांना जग नव्हतं. तूही पागेतच लागावंस असं त्यांच्या मनात होतं. तुला फौजेत जायचं होतं. त्यांनी नाही म्हटलं, आणि तू एका सकाळी गुपचूप रस्ता ओलांडून आत्याकडे गेलास आणि थोरल्या पातीतून नाव घातलंस, पत्ताही आत्याच्याच घराचा दिलास. तू लढाईवर गेलास याचं दुःख आबांना झालंच असेल, पण ते त्यांनी कधी दाखवलं नाही. दाखवला तो राग, आणि तो तू त्या बाजूनं गेलास याचा. "दाणा इथला खाल्ला आणि खिंकाळला तिकडे," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी रस्ता ओलांडला नाही. सख्खी बहीण समोर राहते, चुलीवर काय रटरटतंय त्याचा वास येतो, पण नाही.

तुझी पत्रं आत्याकडे यायची आणि मी पळत जाऊन आणायची. मी दहा वर्षांची. अक्षरं तूच शिकवली होतीस, पाटीवर, कान पिरगाळून. मी ओट्यावर बसून आईला वाचून दाखवते, आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आबा आमच्याकडे पाठ करून खोगिराचा पट्टा शिवत बसलेले असतात. पहिल्या पत्राला ते उठून गेले होते. दुसऱ्याला बसून राहिले. तिसऱ्याच्या वेळी मी जरा हळू वाचत होते, तर तिकडून आवाज आला, "पोरी, घशात काय अडकलंय? नीट मोठ्यानं वाच." आई पदराआड हसली. तो पट्टा काही केल्या शिवून होईना, दादा. तुझं पत्र आलं की पुन्हा उसवायचा.

तू खेचरांवर पाणी वाहून न्यायचास. बसऱ्याच्या बाजूला कुठेतरी. चिखलाबद्दल लिहायचास, आणि खेचरांच्या खुरांबद्दल, आणि प्रत्येक पत्रात एक ओळ ठरलेली: आबांनी काही निरोप दिला का? आईची चौकशी, पागेतल्या म्हाताऱ्या घोडीचीसुद्धा चौकशी, आणि माझ्यासाठी अगदी तळाला, "धाकटीस आशीर्वाद." उत्तरं मी लिहायची. आई सांगेल ते मी लिहायची, आणि माझं त्यात काहीच नसायचं. मला तुझा फार राग यायचा. घोडीलासुद्धा माझ्यापेक्षा जास्त जागा, असं मनात यायचं. आता हसू येतं, पण तेव्हा रडू यायचं.

एके दिवशी आईचं सांगून झालं होतं आणि कार्डावर तळाला दोन ओळींची जागा उरली होती. आई आत चुलीकडे गेली. आबांनी मान वळवली नाही, सुई थांबवली नाही. म्हणाले, "लिही त्याला. येशील तेव्हा मी रस्ता ओलांडून आत्याच्या दारी घ्यायला येईन म्हणावं." आणि लगेच खोकल्यासारखं करून उठून पागेत गेले.

मी ते लिहिलं नाही.

मी त्या दोन ओळींत लिहिलं की माझ्यासाठी तिकडून लाल-निळी पेन्सिल आण, एका टोकाला लाल आणि एका टोकाला निळी असते ती, कचेरीतल्या कारकुनाकडे आहे तशी. आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, जागा भरून निघावी म्हणून. आबांचा निरोप पुढच्या पत्रात घालू, असं ठरवलं. कार्ड मीच टाकून आले.

पुढचं पत्र लिहायची वेळ आली नाही. महिना-दीड महिन्यानं आत्याकडे तार आली. ती तार हातात घेऊन आत्या घरातून निघाली आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली, ना इकडे ना तिकडे. आबांनी ओट्यावरून पाहिलं. पागोटं खुंटीला होतं, ते तसेच बोडक्या डोक्यानं उतरले, तिला दंडाला धरून पलीकडे तिच्या दारापर्यंत घेऊन गेले आणि त्या दारात किती तरी वेळ उभे राहिले. सगळं गाव बघत होतं. मला वाटलं, आबा बोलले तसं वागले, फक्त घरी आणायला तू नव्हतास.

नंतर तुझं सामान आलं. वस्तरा, आईनं बांधलेला ताईत, आणि एक लाल-निळी पेन्सिल, टोक न काढलेली. आईला ती कुठली ते कळेना. आबांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी सांगितलं, मी मागितली होती, त्याच कार्डात. त्यांनी पेन्सिल हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे कार्ड पोचलं. म्हणजे माझंही वाचलं असेल त्यानं."

मी म्हणाले, "हो आबा."

त्यानंतर ते वीस वर्षं जगले. वीस वर्षं त्यांना एवढाच एक आधार होता. शेवटच्या दुखण्यात, मी धारहून माहेरी गेले असताना, पुन्हा एकदा विचारलं, वाचलं असेल ना? मी पुन्हा हो म्हणाले. त्यांच्यापाशी खोटं बोलले याचं मला फार वाटत नाही. म्हातारा सुखानं गेला. तुला मात्र मी उपाशी ठेवलं. तू पेन्सिल शोधत हिंडला असशील तिथल्या बाजारात, आणि आबांचा निरोप नाहीच, असं मनाशी धरून पुन्हा पाणी वाहायला गेला असशील.

आता आई नाही, आत्या नाही, माझे हेही गेले. मुलगा इंदुरात असतो. तुझा आवाज ज्याच्या कानात आहे असं या जगात माझ्याखेरीज कुणी नाही, आणि तो आवाजही आता मला नीट आठवत नाही, नुसती पाटीवरची अक्षरं आठवतात. त्याच्या पोरांना हिंदीच वाचता येतं, त्यामुळे हा कागद कुणी उघडला तरी फार काही कळायचं नाही. टाकायचा तरी कुठे? आत्याच्या पत्त्यावर आता आत्या नाही, आणि तू तर तिथे कधी परत आलाच नाहीस. ठेवीन पेटीत, पेन्सिलीशेजारी.

एक सांगायचं राहिलं. काल दुपारी एक कार्ड घेतलं आणि आबांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत, बारीक अक्षरांत लिहून बघितलं. दीडच ओळ लागली. उरलेल्या अर्ध्या ओळीत पेन्सिलही मावली असती.