पाठमोरा गायक

छत्रपती संभाजीनगर, ८ डिसेंबर २०२५

आदरणीय मोठेबाबा,
विशाखाचा सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून कागद काढला. तुमच्या रॉक अँड रोलच्या कार्यक्रमांचे जुने फोटो सापडले. कार्यक्रम कन्नडचा असो की फुलंब्रीचा, प्रत्येक फोटोत प्रेक्षकांकडे तुमची पाठ. असं का? बाबा तुमचे सख्खे धाकटे भाऊ, सगळी वर्षं तुमच्या मागं ड्रम वाजवणारे. त्यांना विचारलं, तर दादालाच विचार म्हणाले आणि चहा करायला उठले.

तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, माझ्या बँडचा पहिला कार्यक्रम आहे. त्यात तुमचं एक गाणं हवं होतं. तुम्ही नकार कळवलात, कारण मात्र पोटात ठेवलंत. तेही कळू द्या.

मोठ्याईला जयभीम. या आगाऊपणानं लोभ आटू देऊ नका.

तुमची,
विशाखा

कन्नड, १४ डिसेंबर

चि. विशाखास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझी मोठ्याई, चंपा, मोठ्यानं वाचून दाखवायला बसली. मला ऐकू येत नाय हे ती अजून विसरते.

पोरी, तिशीतच माझे कान जायला लागले. बहिऱ्याला गायला कोण बोलावणार? फक्त तुझ्या बापाला, पुंडलिकला सांगितलं. त्याच्याकडं तोंड करायचं, त्याचे हात बघून ठेका धरायचा. पोरांना ती स्टाइल वाटली, फुलंब्रीत तर तशीच पाठ फिरवून नाचायची. पुण्याच्या मोठ्या ऑर्केस्ट्रानं त्याला बोलावलं होतं. माझ्यापायी तो गेला नाय.

आता म्हाताऱ्यानं पाठ फिरवली तर लोक हसतील. तुझ्या ड्रमवाल्याचे हात ओळखीचे नाहीत, आणि पुंडलिकला पुन्हा कोणत्या तोंडानं सांगू? लई भीती वाटते. कारण एवढंच.

जीव लावतेस तशीच लावत राहा.

कडुबा

छत्रपती संभाजीनगर, १९ डिसेंबर

आदरणीय मोठेबाबा,
सविनय जयभीम.

पत्र बाबांपुढं ठेवलं. पुण्याचं विचारलं, तर म्हणाले, तिथं गाणारा दादा नव्हता. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचे ड्रम उतरवून पुसत बसले. शेजारी तक्रार करून गेले, इतका सराव चाललाय.

स्टेजची मांडणी मी बदलली आहे. ड्रम अगदी पुढं, तोंड तुमच्याकडं. लोकांकडं पाठ बाबांची. तुम्ही मागं उभे राहून त्यांचे हात बघा आणि गा. लोकांना तुमची पाठ दिसलेली चालेल का, असं बाबांना विचारलं. ते म्हणाले, दादाला दिसलो म्हणजे झालं.

रागवायचं असेल तर इथं येऊन रागवा, लोभ सोबत आणा.

विशाखा

कन्नड, २४ डिसेंबर

चि. विशाखास आशीर्वाद.

दोन तारखेच्या एसटीनं येतो. चंपाला पुढची खुर्ची ठेव. गाताना माझा चेहरा कसा होतो, ते तिनं कधी पाहिलं नाय म्हणते. कसा होतो, मलाही ठाऊक नाय.

कडुबा