टेकडीवरच्या गवताचं खरं नाव

आईले नमस्कार,

देहरादूनले थंडी आहे, पण मी बरी आहो. तुये गुडघे कसे आहेत?

आपल्या पातूरच्या ज्या टेकडीवर मुरमाची खाण होणार आहे, तिथलं, सगळे ज्याले कुसळी म्हणतात ते गवत मी भिंगाखाली पाह्यलं. कुसळी गवताची कुसळं पिळलेली असतात, याची सरळ आहेत. हे एका पावसाळ्यापुरतं जगणारं, वीतभर उंचीचं दुर्मिळ गवत आहे. खाणीच्या परवानगीचा अहवाल ज्यांच्या हाताखाली मी लिहून राहिली होती, त्या सरांनी ते मान्य केलं. तरी म्हणाले, "अहवालात कुसळीच लिही. आपल्याला खाण अडवायची नाही."

मले लय संताप आला. म्हटलं, "मंग अहवालातून माझं नाव काढा." त्यांनी काढलं. गवताचं खरं नाव मी वनखात्याले कळवलं आहे.

सरांनी यापायी माझी शिष्यवृत्ती बंद केली तर मी घरी येईन. बाबाले आत्ताच काही सांगू नको.

तुयी,
आकांक्षा