मागून गाडी आली की

सोम., १२ जाने.
तक्रार नोंदवून ठेवतो. आमच्या लेकीच्या, मुक्ताच्या, घोडेस्वारीच्या वर्गाने पालकांना चकाकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट सक्तीचं केलं आहे. पोरं रस्त्यावर तट्टं चालवायला शिकणार, पालकाने पुढे चालायचं. मोशीच्या चौकापर्यंत जाताना लोक मला अडवून विचारतात, ड्रेनेज कधी दुरुस्त होणार. संस्कृतात काव्यतीर्थ झालेल्या माणसाची ही शोभा. एकाला "पुढच्या आठवड्यात" सांगून टाकलं. समाधानाने गेला.
मुक्ता मात्र तिच्या वाट्याच्या घोडीवर, मैनावर, ताठ बसली होती. लिफ्टला घाबरणारी, स्कूटरवर माझा शर्ट फाटेस्तोवर धरून बसणारी ती हीच का?

गुरु., १५ जाने.
आजचे धडे. डावीकडून चालायचं. वळायच्या आधी हात दाखवायचा. मागून गाडी आली की लगाम आखडून कडेला उभं राहायचं, गाडी जाईपर्यंत हलायचं नाही. बाळूशेठ शिकवतात छान. माणूस गावचा जुना. जमीन प्लॉटिंगमध्ये गेली, उरलेल्या तुकड्यावर हा वर्ग.
मैनाला संक्रांतीचा तिळगूळ दिला. तो खाऊन माझी बाही चावली. बाकीची तट्टं माथेरानची, गुबगुबीत, संसारी. ही उंच, अंगाने सडसडीत.
"ही कुठून आणली?"
"घरचीच हाय, सर. लई गुणाची."
पुढे विचारलं नाही.

रवि., १८ जाने.
सर्व्हिस रोडवर कंपनीची बस मागून धडधडत आली. तट्टं गुमान कडेला. मैना नाही. कान मागे, मान लांब, आणि सुटली. मी बाजूला उडी मारली, म्हणजे पडलो. टपरीपाशी जाऊन थांबली एकदाची. मुक्ता रडत असणार म्हणून धावलो. चेहरा लाल, पण रडत नव्हती.
बाळूशेठ: "काय न्हाई सर, माशी चावली आसंल."
सौ.ला "थोडी पळाली" एवढंच सांगितलं. गुडघा जिन्यात आपटला म्हणालो.

बुध., २१ जाने.
पेपरच्या बातमीसाठी खेडकडे, बैलगाडा शर्यतीला. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गाड्याच्या पुढे घोडी पळते, बैल तिच्या मागे लागतात. मागून धडधड आली की तिने पुढे सुटायचं. थांबली तर बैल अंगावर.
शेजारच्या आजोबांना मोशीहून आलो म्हटलं.
"मग बाळूची मैना बघितली आसंल तुमी. ह्याच घाटात पळायची. बैलांना कदी घावली न्हाई."
त्यानंतर शर्यतीत काय झालं, कोण जिंकलं, लक्षात नाही. बातमी फोनवर विचारून लिहिली.
म्हणजे आमची पोरं जिला कडेला उभं राहायला शिकवतायत, तिने उभा जन्म नेमकं उलटं घोकलंय. घोकंपट्टी काय चीज असते ते मला विचारा. आठव्या वर्षी पाठ केलेली संस्कृत शब्दांची रूपं अजून दाढी करताना तोंडातून सुटतात.

शुक्र., २३ जाने.
बाळूशेठना गाठलं. नाकारलं नाही.
"व्हय, घाटातली हाय. म्हातारी झाली म्हनून काय इकून टाकू? पोरीचा हात हलका हाय, सर. तिचं ऐकती ती."
"ऐकलं कुठे रविवारी?"
 ते मैनाला खरारा करू लागले.
परवा मुलांची फेरी आहे, चाकण रस्त्याच्या कडेने. कंटेनरचं विचारलं तर "सकाळचं कमी आस्त्यात." मुक्ताला दुसरं तट्टू द्या म्हटलं. "देतो की. तिलाच इचारा आदी."
त्या रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या मीच लिहितो. वाक्य तयारच असतं. नाव आणि वय तेवढं भरायचं.

शनि., २४ जाने.
सकाळी मुक्ताला सगळं सांगितलं. घाट, बैल, मैना. पोहे खात ऐकत होती.
"माहितेय मला. काकांनी सांगितलं."
"कधी?"
"पहिल्याच दिवशी."
"मग बस आली तेव्हा लगाम का नाही आखडलास?"
पोह्यांतले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "बाबा, ती पळाली ना, की मागचं काही ऐकूच येत नाही."
उद्या दुसरं तट्टू घे म्हटलं. "बरं." इतक्या पटकन ती कधी बरं म्हणत नाही. सौ.ला घाटाचं, बसचं सांगितलं तर म्हणते, "अहो, किती दिवसांनी कशात तरी रमलीय. आणि तुम्ही आहातच की पुढे." पुढे असून मी करणार काय, हे…
जाऊच दिली नाही तर? दुपारपासून तेच चाललंय डोक्यात. अजून ठरत नाही.
मैना उधळेल ही भीती आहेच. ती बाळूशेठना सांगता आली, सौ.ला सांगता आली. दुसरी कुणाला सांगता येत नाही. त्या रविवारी मुक्ताने लगाम मुद्दाम सैल सोडला होता. उद्या रस्त्यावर ती मागून गाडी यायची वाट बघत असेल.