शनिवारची हाक

लोणी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. मच्छिंद्र यास,

हिराक्काचे आशीर्वाद. लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. मनात किती आहेत ते पत्र संपेपर्यंत तुला कळेल.

इकडे सगळे बरे आहे. आईचा खोकला कमी झाला. कांदा काढायला आला आहे. भिंगरीची पाच पिल्लं दोन महिन्यांची होत आली, पाचही जगली, आता अंगणात पाय ठेवायला जागा देत नाहीत. आबांचा पाय अजून प्लॅस्टरमध्ये आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

तू आईला फोन केलास की एक पिल्लू माझ्यासाठी ठेव, धरणावरच्या कॅम्पवर तंबूंच्या कडेने बिबट्या फिरतोय, पाव्हणे घाबरून एका दिवसात निघून जातात. आईने निरोप माझ्याकडे दिला. उत्तर फोनवरच दिले असते, पण अवघड बोलणे निघाले की तुझी रेंज जाते. कागदाला रेंज लागत नाही. गोरखची जीप मंगळवारी धरणाकडे येणार आहे, त्याच्या हाती हे देते. तू वाचून होईपर्यंत तो तिथेच चहा पीत बसेल. मी तसे त्याला बजावले आहे.

दिवाळीत दरवर्षीसारखा तू भिंगरीच्या आईला, चितरीला न्यायला आलास तेव्हा आबांनी एका शब्दाने विचारले नाही. हंगाम आहे, पाव्हण्यांना डोंगरावर न्यायचे असते, चितरी बरोबर असली की धीर असतो, एवढेच तू म्हणालास. खरेच होते ते. मागच्या हंगामात मी चार दिवस तुझ्याकडे आले होते ना, तेव्हा पाहिले. ती पुण्याच्या लोकांना मेंढरेच समजायची. रांगेत सगळ्यांच्या मागे चालायची. एखादी जाड बाई दगडावर बसली की हीपण बसायची, आणि बाई उठल्याशिवाय हलायची नाही. तू गळ टाकून पाण्याकडे बघत बसायचास आणि ही पाव्हण्यांच्या लहान मुलांचे फ्रॉक दातात धरून त्यांना काठापासून मागे ओढायची. त्या संध्याकाळी तू मासे तळलेस, पहिला तुकडा तिला टाकलास. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. आज लिहिताना स्वतःचाच राग येतो.

नोव्हेंबरच्या शेवटी तुझा फोन आला. चितरी ट्रेकवाल्यांच्या मागे भीमाशंकरकडे गेली, तळेघरच्या वर कुठेतरी चुकली, मी खूप शोधली. फोनवर तू रडलास सुद्धा. आबा म्हणाले, "रडू नगंस. कुत्रं वाट इसरत न्हाई. मी बगतो."

तेव्हापासून दर शनिवारी आबा पहाटेच्या एसटीने मंचर, तिथून घोडेगाव, तिथून तळेघर. पुढे डोंगरावर पायी. खांद्यावरच्या फडक्यात चितरीची भाकरी बांधलेली. वरच्या धारेवर उभे राहून हाका मारायच्या, भाकरी दगडावर ठेवायची आणि शेवटची गाडी गाठायची. नऊ शनिवार गेले. बहात्तर वर्षांचा माणूस. नवव्या शनिवारी उतरताना पाय घसरला आणि नडगीचे हाड मोडले. तासभर तिकडे कोणी फिरकले नाही. त्या तासात ते काय करत होते विचारले तर म्हणाले, "काय करनार? हाका मारत व्हतो."

हे तुला आईने सांगितलेच असेल. तू फळे पाठवलीस. पोचली.

आता जे तुला माहीत आहे पण मला माहीत आहे हे तुला माहीत नाही, ते लिहिते.

डिसेंबरमध्ये माझ्या पोरीने, तेजस्विनीने मोबाईलवर एक फोटो दाखवला, कुणा पाव्हण्यांनी तुझ्या कॅम्पवर काढलेला. जेवणाच्या छपराखाली चार माणसे मासे खात बसली आहेत. मागे भिंतीवर कंदील, आणि कंदिलाशेजारी खुंटीला चितरीचा पट्टा. खिळ्यांचा पट्टा काय कुठल्याही मेंढपाळाच्या कुत्र्याला असतो, पण हा आबांनी इंजिनाच्या जुन्या पट्ट्यातून कापलेला, एकोणीस खिळ्यांचा. त्यातला एक वाकडा, लोणीच्या माळावर बिबट्याने दात घातला होता तेव्हाचा. तिची मान त्या दिवशी त्या पट्ट्यानेच वाचली. तो तारेने पिळून बसवलेला असतो, उघडायला दोन हात लागतात. मग चितरी ट्रेकवाल्यांच्या मागे जाताना पट्टा स्वतः काढून खुंटीला लावून गेली का रे?

सव्वीस डिसेंबरला मी तुझ्या कॅम्पवर आले होते. तू पाव्हण्यांना घेऊन पलीकडच्या तीरावर गळ टाकायला गेला होतास. तुझ्या स्वयंपाकाच्या ठमाबाईंनी मला पाणी दिले आणि मी पट्ट्याकडे नुसते बोट दाखवले. त्या बाईला महिनाभर कुणाला तरी सांगायचेच होते. म्हणाल्या, "ताई, एका पाव्हण्याच्या पोरीच्या हाताला खिळा लागला. भाऊंनी पट्टा काढून ठिवला, म्हनले फोटूला बी आडवा येतो. मंग मासं भाजताना कुत्री मधी मधी येती म्हून मागं आंब्याला बांधली. दिवेलागन व्हती. येकदाच वरडली, ताई. आमी कंदील घिऊन गेलो तवर नुसती दोरी व्हती."

ठमाबाईंना काढून टाकायचा विचार करत असशील तर करू नकोस. त्या मंचरला भावाकडे चालल्याच आहेत.

मच्छिंद्र, तू मेंढपाळाचा मुलगा आहेस. अंधार पडताना कुत्र्याचा पट्टा काढत नाहीत आणि बिबट्याच्या मुलखात कुत्रे बांधत नाहीत, हे तुला चालायला लागलास तेव्हापासून ठाऊक आहे. मोकळी असती तर ती पळाली असती, नाहीतर लढली असती. तरी तेवढे मी गिळले असते. पाव्हण्यांपुढे माणूस वाकतो, चूक होते. पण तू आबांना डोंगर दाखवलास. जिथे ती कधी गेलीच नाही तिथे त्यांना नऊ वेळा चढवलेस, आणि पट्टा शोभेला लावलास. हे मी गिळणार नाही.

तुला पिल्लू कुठेच मिळत नाही ना? आळ्याचा मेंढपाळ कुशाबा म्हणाला दिली सगळी. घोडेगावच्या वरचे म्हणाले यंदा कुत्री व्यालीच नाही. मीच गेले होते सगळ्यांकडे. आळ्यापासून तळेघरापर्यंत जिथे जिथे मेंढरे बसतात तिथे जाऊन सांगितले की मच्छिंद्र कुत्रे बांधतो. आणखी काही सांगावे लागले नाही. कुशाबाने तंबाखू थुंकली आणि म्हणाला, "मंग त्याला न्हाई." तुझ्या तंबूंभोवती आता भुंकायला कोणी येणार नाही, आणि बिबट्याला ते कळायला वेळ लागत नाही. रात्री तंबूत तुला झोप लागू नये म्हणूनच हे लिहिते आहे.

आबांना मात्र मी अजून काही सांगितलेले नाही. तू विचारशील, का? मला वाटायचे त्यांचे काळीज फाटेल म्हणून. ते खोटे आहे. मला ते तुझ्या तोंडून वदवून घ्यायचे होते. तू आज येशील, उद्या येशील, म्हणून मी थांबले. सगळे कळल्यानंतरचे पाच शनिवार त्यांची भाकरी मी माझ्या हाताने बांधली आणि मी त्यांना गाडीत बसवले. त्यांच्या मोडलेल्या पायात अर्धा वाटा माझा आहे. तो मी नाकारत नाही. पण तुझा अर्धा मी उचलणार नाही.

पाय मोडल्यापासून शनिवारी मी जाते. आबांचाच हट्ट. काल भिंगरीलाही जीपमध्ये घालून नेले, कारण म्हणाले लेकीचा वास लागला तर चितरी येईल. धारेवर रेंज येते. तिथून फोन लावला की आबा अंथरुणातून विचारतात, "करवंदाच्या जाळीपाशी हाईस का? आजून वर जा. आता स्पीकरवर टाक आन् हात वर धर." मग त्या एवढ्याशा फोनमधून त्यांची हाक निघते. चितरेऽऽ, यू, यू, यू. भिंगरी आधी इकडे तिकडे धावली, मग माझ्या हाताखाली येऊन बसली आणि फोनकडे बघत राहिली. मेलेल्या कुत्रीला हाक मारणाऱ्या बापाचा आवाज मी हात वर धरून पाव तास डोंगराला ऐकवला. शेवटी विचारतात, "आली का?" मी म्हणते, नाही आबा. "वारं उलटं आसंल. फुडल्या शनवारी."

आणि पिल्लाचे. पाचातले एक हुबेहूब चितरी आहे, तसेच ठिपके. आबांनी त्याच्या गळ्यात काळा दोरा बांधून ठेवला आहे, कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, "ही मच्छिंद्राची. त्याच्या हातनं चितरी गेली, लई जळत आसंल पोराचं." तर आळे ते तळेघर तुला एकच कुत्रे आहे आणि ते आबांच्या मांडीवर झोपते. ते मी गोरखबरोबर पाठवणार नाही. आपल्यात कुत्रे असे जात नाही. नेणाऱ्याने यायचे, देणाऱ्यासमोर बसून पिल्लाच्या आईला आपल्या हाताने भाकरी चारायची. तू येशील तेव्हा भिंगरीला भाकरी चारायच्या आधी पट्टा आबांच्या हातात दे. त्यांना आता जवळचे नीट दिसत नाही, पण वाकडा खिळा बोटाला कळेल. मग काय झाले ते सांग. ऐकूनही त्यांनी पिल्लू दिले तर घेऊन जा आणि जन्मभर त्याच्याकडे बघ. मी आड येणार नाही. मला वाटते ते देतील. तुझ्यासाठी तेच जास्त वाईट.

शनिवारपर्यंत वाट पाहीन.

आला नाहीस तर येत्या शनिवारी मी डोंगरावर जाणार नाही. नऊ वाजता आबा उशीला टेकून बसतील आणि फोन मागतील. मी तुझा नंबर लावीन आणि त्यांच्या हातात देईन. तू उचललास की तुला तीच हाक ऐकू येईल. त्यांना वाटेल पलीकडे डोंगर आहे. हाक संपली की ते विचारतील, "आली का?" उत्तर तू द्यायचे. ठमाबाई सांगत होत्या, तुझ्या जेवणाच्या छपराखाली, त्या खुंटीपाशी, रेंज चांगली येते.

नाही उचललास तर त्याच्या पुढच्या शनिवारी लावीन. आबा एकही शनिवार चुकवत नाहीत, आता मीही चुकवणार नाही.

आई ठीक आहे. कांद्याला मजूर मिळत नाहीत.

चितरीची भाकरी अजून बांधणारी,
हिरा