डब्यावरचं कुलूप

३ फेब्रुवारी

अण्णांच्या कॉम्प्युटरचा डबा आज पुसला. पुसला कसला, घासला! सासऱ्यांच्या वस्तूला हात लावायचा म्हणजे आधी परवानगी, मग देखरेख. शेजारी खुर्ची ओढून बसले आणि माझं फडकं जिथे जाईल तिथली माहिती सुरू झाली.

'टर्बो' लिहिलेला खटका आहे ना, तो मला वाटायचं वेग वाढवायला असेल. "छे! जुने प्रोग्राम नव्या मशीनवर सुसाट पळायचे, त्यांना आवरायला होता तो." नाव काय, काम काय! वरची आकड्यांची काळी खिडकी वेग दाखवायची, पण मोजत काहीच नव्हती — दुकानदार जो आकडा लावून देईल तो मिरवायची. आता तर तीही मेली आहे. मागे एक लोखंडी कडी आहे, डबा उघडून कोणी आतला माल पळवू नये म्हणून टाळं अडकवायला. आणि समोर गोल भोक. मी इतकी वर्षं ते हवेसाठी आहे असं समजत होते.

"कुलूप आहे ते. चावी फिरवली की कीबोर्ड मुका. पडदा दिसेल, पण एक अक्षर उमटायचं नाही. क्लासमध्ये मी चहाला उठलो की चावी खिशात. नाहीतर पोरं धिंगाणा घालायची!"

नळीसारखी गोल चावी अजून त्यांच्या खणात आहे. आतलं सगळं नवरोबाने मागे बदलून घेतलं, पत्रा कापून वगैरे. डबा मात्र त्यांच्या टायपिंग क्लासमधला पहिला, तोच हवा म्हणून अण्णा अडून बसले होते. म्हातारा हट्टी खरा, पण आज सांगताना काय खुलला होता!

८ फेब्रुवारी

नणंदेचा फोन. "वहिनी, अण्णांना जेवायला देतेस ना गं वेळेवर?"

मी गारच पडले. अण्णांनी तिला काल दुपारी ईमेल केली आहे — सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, सून दुकानात निघून जाते, विचारायला कोणी नाही. काल दुपारी मी चष्म्याच्या दुकानातून धावत घरी आले, गरम करून वाढलं, दोनदा मागून घेतलं त्यांनी! समोर बसून जेवलेला माणूस तासाभराने माझ्याविरुद्ध असं लिहितो?

नवरोबा बोटीवर, उन्हाळ्याशिवाय उगवायचा नाही. सांगू कोणाला? अण्णांना विचारलं तर म्हणाले, "मी? मी कशाला लिहीन असं?" वर साळसूद चेहरा.

११ फेब्रुवारी

पुन्हा तेच पत्र. शब्दन् शब्द तेच. नणंद म्हणते, "तू मनाला लावून घेऊ नकोस." म्हणजे तिने लावून घेतलंय.

१३ फेब्रुवारी

आज हद्द झाली! दुकानाच्या पावतीवरचा ईमेलचा पत्ता बघून अण्णांनी माझ्या मालकीणबाईंनाच पाठवलं तेच पत्र. त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटलं. "घरी सगळं ठीक आहे ना?" हो म्हटलं आणि बाहेर येऊन तीच काच तीनदा पुसली.

घरी आले. अण्णा अंघोळीला गेलेले. खण उघडला, चावी घेतली, मशीन बंदच होतं, भोकात घालून फिरवली. टक् झालं. चावी माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली.

लिहा आता!

१४ फेब्रुवारी

"बंद पडलाय वाटतं हा," अण्णा म्हणाले. "हो का?" मी म्हणाले. किती सहज जमलं मला.

१८ फेब्रुवारी

नणंदेचा फोन नाही. मालकीणबाई पुन्हा हसून बोलतात. घरात शांतता आहे. मग जेवण का जात नाही मला?

रोज सकाळी अण्णा दाढी करून तिथे बसतात. मशीन चालू करतात, हात कीबोर्डवर ठेवतात आणि थांबतात. मी दारातून बघते आणि परत फिरते. एकदाही जवळ जाऊन बघितलं नाही. माझीच करामत जवळून बघायला तोंड हवं ना!

आज दुकानात एक आजोबा आले, डोळे तपासायला. तक्त्यावरच्या सगळ्या ओळी फडाफडा वाचल्या. मी तक्ता उलटा लावला, तरी तेच वाचत राहिले! पाठ करून आले होते. आम्हाला सवय आहे. दिसत नाही हे कबूल करायची लाज वाटते माणसांना. मी नेहमी हसते, आज हसू आलं नाही. घरी एक म्हातारा मुक्या मशीनपुढे बसवून आले होते ना.

२१ फेब्रुवारी

अण्णा कीबोर्डकडे खाली मान घालून बघत होते. एकेक अक्षर शोधत होते!

हा माणूस शिकवताना पोरांच्या हातांवर फडकं टाकायचा — बघितलंस तर बोटं काय शिकणार? शेकडो पोरं त्यांच्या हाताखालून कचेऱ्यांत लागली. त्या माणसाला मी खाली बघायला लावलं. दोन जेवणांच्या खोट्या तक्रारीसाठी! लिहिलं असतं त्यांनी अजून दहा वेळा, माझं काय झिजणार होतं?

दुपारी म्हणाले, "मशीन ठीक असेल गं. मलाच येईनासं झालंय."

"काहीतरीच काय अण्णा! मशीन जुनं झालंय." एवढंच बोलले. खरं जिभेवर आलं होतं. गिळलं. मी इतकी दुष्ट कधी झाले?

२५ फेब्रुवारी

आज नाही.

२६ फेब्रुवारी

आजही सांगायचं राहिलं. चहा ठेवला, समोर बसले, आणि खिडकीचे पडदे धुवायला टाकायचे का विचारलं.

२८ फेब्रुवारी

सकाळी अण्णा डब्याच्या वायरी गुंडाळत होते. "हे टेबल तू घे. तुला शिवणाला जागा नाही म्हणत होतीस. मला आता काय करायचंय त्याचं?"

मी शिवणाचा डबा आणला, बटणं जमिनीवर ओतली, चावी काढून त्यांच्या हातात दिली. सगळं सांगितलं. रडत सांगितलं, नाक पुसत, वाक्यं अर्धी सोडत. पत्रं, फोन, मालकीणबाई, माझा राग. मी म्हणाले — अण्णा, तुमच्या हाताला काही झालेलं नाही, मी कुलूप लावलं होतं, मला काय शिक्षा करायची ती करा.

त्यांनी चावी उलटसुलट करून पाहिली. मग हसायला लागले! पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं बाई, तू होतीस होय! मी घाबरलो होतो. वाटलं, संपलं माझं. रोज पहाटे उठून बोटं मोजायचो." मग आठवण झाल्यासारखे रागावलेही — "क्लासात असतीस तर बाकावर उभी केली असती!" आणि लगेच, "पत्रांचं मात्र मला काही आठवत नाही हं."

चावी त्यांनीच फिरवली. टक्. वायरी मी पुन्हा जोडल्या. आज उशीर झाला, उद्या बसतो म्हणाले. संध्याकाळी खिडकीशी उभे राहून शीळ घालत होते. लग्न होऊन आल्यापासून मी ती शीळ ऐकली नव्हती. मला माफ केलं त्यांनी. इतक्या सहज की मलाच पुरलं नाही.

१ मार्च

धुतलेला शर्ट घालून बसले. "फडकं आण," म्हणाले. हातांवर टाकायला! मी टाकलं आणि आत कामाला गेले. बराच वेळ आवाज नाही.

येऊन पाहते तर फडकं खाली पडलेलं, हात मांडीवर. "अजून कुलूप आहे बघ. काल मी उलटी फिरवली वाटतं." मी फिरवली. "आता?" ते नुसते कीबोर्डकडे बघत राहिले. पुन्हा उलटी फिरवली. "नाही गं, लागलेलंच आहे."

माझ्या त्या एका फिरवण्याने आतलं काहीतरी मोडलं! इतक्या वर्षांच्या गंजलेल्या कुलपाला हात लावायची काय गरज होती मला? दुरुस्तीवाल्याला फोन केला, उद्या येतो म्हणाला. नवरोबाने आतलं सगळं याच्याकडूनच बदलून घेतलं होतं.

२ मार्च

अण्णा डुलकी घेत होते तेव्हाच तो आला. मी त्याला सगळं सांगितलं, म्हटलं कुलूप काढून टाक, नवं कर, वाट्टेल ते कर. त्याने चावी दोन्हीकडे फिरवून पाहिली. दोन्ही वेळा कीबोर्डवर माझ्या दुकानाचं नाव टाइप केलं. दोन्ही वेळा पडद्यावर उमटलं.

मग बाजूचा पत्रा काढून मला आत बोट दाखवलं. कुलपाची वायर एका कोपऱ्यात, रबर लावून गुंडाळलेली.

"ताई, हे कुलूप कशालाच जोडलेलं नाही. नव्या बोर्डावर त्याला जागाच नसते. टर्बो, आकडे, कुलूप, सगळं नुसतं दिसायला. मीच गुंडाळून ठेवलीय ही वायर, तीन वर्षं झाली."

म्हणजे मी चावी फिरवली त्या दिवशीही कीबोर्ड चालू होता. रोज चालू होता. अण्णा रोज चालू मशीनपुढे बसत होते, आणि बोटांना अक्षरं आठवत नव्हती.

आणि जेवण! ते खोटं लिहीत नव्हते. जेवल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. शब्दन् शब्द तेच पत्र — आधी पाठवल्याचंही आठवत नव्हतं. परक्या आजोबांसाठी तक्ता उलटा लावून पाहते मी, घरच्या माणसाकडे नुसतं रागाने पाहिलं.

नणंदेला फोन केला. डॉक्टरांची वेळ घेतली.

३ मार्च

सकाळी अण्णांनी विचारलं, "काढलंस का गं कुलूप?"

म्हटलं, "नाही अण्णा. रागात मीच पुन्हा लावलं, आणि चावी कुठे टाकली तेच सापडत नाहीये."

"वेंधळी आहेस," म्हणाले, आणि निवांत चहा प्यायले.