तिसऱ्या सेलची गळती

१० नोव्हेंबर, सोमवार

निवृत्त बाईला प्रयोगशाळेत परत बोलावतात आणि धड खुर्चीही देत नाहीत! तिसरा सेल — मशीनमध्ये गरगर फिरवायची नमुन्याची डबी — पुन्हा गळला. नेमका विंचवाच्या विषावरच्या सीरमचा. त्यात गाठी झाल्या असतील तर ते टोचलेली मुलं औषधानेच जातील — आणि निकाल नाही म्हणून माल पुढच्या सोमवारी जुन्या चाचणीच्या जोरावर कातामार्का प्रांतात निघणार!

डॉक्टर एचार्त, हल्लीचे आमचे प्रमुख, म्हणतात, "बाई, सेलच म्हातारे झालेत." माझ्याकडे बघून! वर, "सीरमच्या कारखान्याशी मी भांडू का?"

भांडा की! शाळेत नन्सनी सभ्य बोलायला शिकवलं म्हणून नुसतं 'बरं' म्हटलं.

११ नोव्हेंबर

झुलेमाने माझ्यासमोर सेल जुळवले. माझ्याच हाताखाली शिकलेली ती. काचा पुसल्या, वॉशर नवे, सेल आवळायच्या कडीच्या आट्यांना वंगण, पाना खट्ट वाजेपर्यंत पिळला. मग निर्वात करून वजन — रतीभर घट नाही, म्हणजे गळती नाही. पाचला आम्ही सगळे माते, तो आमचा कडू पाल्याचा चहा, प्यायला गेलो, झुलेमा आवराआवरीला थांबली. नंतर मशीन मिनिटाला पन्नास हजार फेऱ्यांवर नेलं. तिसरा आतून कोरडा ठणठणीत, सगळं गळून गेलेलं!

सेल चांगला होता. कुणीतरी मधे हात लावला.

१२ नोव्हेंबर

एचार्तच! कारखान्याच्या साहेबांबरोबर दर रविवारी मांस भाजत बसतो.

१३ नोव्हेंबर

पाचला मातेचा तुंबा फिरू लागला. इथे तुंब्याला नाही म्हटलं की माणूस रुसला असंच धरतात. मी सेलांपाशीच बसले.

"अगं नेलिदा, जा ना. मी आहे इथे," झुलेमा म्हणाली.

"तू जा."

"तुझ्याशिवाय काय मजा?"

"जा म्हटलं ना!"

एचार्त दारातून, "बाई, रुसलात वाटतं?"

"हो!"

सेल मीच मशीनच्या फिरत्या चाकात, रोटरमध्ये बसवले, झाकण मीच लावलं. एक थेंब गळला नाही. पडद्यावर गाठीच गाठी.

एचार्त पांढरेफटक पडले. तिथल्या तिथे कारखान्याला फोन लावून ओरडले, "एक बाटली हलवायची नाही! नोकरी गेली तरी चालेल माझी!"

या माणसाबद्दल मी काय काय लिहिलंय.

१४ नोव्हेंबर

झुलेमा सकाळीच दारात. "कडी मी सैल करत होते. कारखाना बंद पडला तर तिथे कामाला असलेला माझा पोरगा घरी बसेल गं. डॉक्टरांना सांगणारेस?"

"चल, तूच सांग. मी बरोबर येते."

नाही आली. मी एकटी गेले.