कशाची खोली

१७ मार्च, अकोला
कपाशीचं मॉडेल संगणकावर तिसऱ्यांदा चालवलं. गेल्या वर्षीचं उत्तर येत नाही म्हणजे नाहीच. तेव्हा पावसाच्या खंडात कपाशीचं रोप तग धरत होतं, आता मरतं. प्रोग्रॅम तोच, विभागातल्या माझ्या जुन्या सरांनी लिहिलेला. गेल्या वर्षीच्या त्या उत्तरावर आमच्या विभागाने गावोगाव पत्रक वाटलं: थोडी ओल झाली की पेरा. यंदाचं पत्रक छापायला जायचंय. डबा तसाच परत.

२० मार्च
संगणक विभागातली नसरीन फाइल बघत होती. "ताई, इथं नुसतं 'खोली' लिवलं. कशाची? मानूस अंदाज लावते, मशीनले कसं समजन?"
तिचा उपाय सिमँटिक वेब. प्रत्येक आकड्याला पक्की ओळख द्यायची: कशाचा, कुठल्या एककात, कुणी मोजला, कुणी बदलला. मग कुणीही, कुठंही तेच गणित पुन्हा करू शकेल, दुसऱ्या पिकालाही वापरेल.
वेळ नाही म्हटलं.
"म्हनूनच तं असं झालं."

२८ मार्च, अमरावती
सरांकडे. निवृत्त झाले तरी धाक तोच. अर्थ विचारायला नेलेली मॉडेलमधल्या शब्दांची यादी बघून भडकले. "माह्या मॉडेलची झडती घेऊन राहिली का तू?" मग चष्मा पुसून एकेक अर्थ सांगितला. खोली म्हणजे मुळांची. "मूळ जितकं खाली गेलं तितकंच पानी त्याचं. हे काय विचाराचं असते?"
परतीच्या बसमध्ये गेल्या वर्षीचं एक काम आठवलं. कुठलं, ते आत्ता लिहवत नाही.

३ एप्रिल, अकोला
जुन्या सीडीवर गेल्या वर्षीची फाइल सापडली. नसरीनने मॉडेलला जोडायला घेतली तर मशीनने अडवलं: मॉडेलला हवी मुळांची खोली, यंदाच्या फाइलमध्ये तीच आहे, पण या रकान्यात मातीची. मृदा सर्वेक्षणातला रकाना. नाव एकच म्हणून उचलून टाकलेला. म्हणजे बोटभर रोप आमच्या गणितात थेट तळाचं पाणी पीत होतं!
"कोनं टाकलं असन?"
"मी."
नसरीन 'बदल कुणी केला' ही जागा रिकामी ठेवून उठली. नाव मीच टाइप केलं.

५ एप्रिल
दर्यापूरकडच्या मामाला फोन. गेल्या वर्षीचं पत्रक त्याला मीच नेऊन दिलं होतं. त्याची दुबार पेरणी झाली, कधी बोलला नाही. आज सगळं सांगितलं. मामा म्हणाला, "बाई, म्या तं आभायाले शिव्या देल्ल्या."
नंतर कशातच लक्ष…

९ एप्रिल
विभागप्रमुख साहेब: "नवं पत्रक बरोबर छापा. जुनं कशाला उकरता? गावात आधीच काय वातावरण आहे! लोक तुटून पडतील."
तुटून पडू देत, हे मनात. तोंडाने "हो साहेब". लाज वाटते.

१२ एप्रिल
जाहीर दुरुस्तीचं पत्र लिहिलं. चूक काय, कुणाची, कशी सापडली. खाली माझी सही. साहेबांना द्यायला निघाले तर समोर सर! काल फोनवर चूक सांगितली होती, म्हणून पॅसेंजरने आले, गुडघे धरत जिना चढले. पत्र उभ्यानेच वाचलं. ओरडतील म्हणून मी खाली बघत होते.
"पेन दे."
"सर, चूक माझी आहे."
"पत्रकावर सही माही बी होती. न वाचता केली होती."
माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहून सही केली.
पत्र आत देऊन तास झाला. आम्ही दोघं बाहेर बाकावर. सर म्हणतात, साहेबांनी नाही म्हटलं तर आपणच गावोगाव जाऊ. शिपाई म्हणतो, बसा.
बसलोय.